पाडव्याचं घर, श्रावणातली भिंत

आमचं घर पाडव्याचं. टोकन पाडव्याला दिलं, वैशाखात करारनामा नोंदवला आणि मुलांच्या सुट्टीत सामान हलवलं. पुण्यातल्या बारा वर्षं जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बघायला गेलो तेव्हा पश्चिमेच्या बेडरूममध्ये लख्ख ऊन आलं होतं आणि भिंतींना नुकताच रंग दिलेला होता. ‘किती नीट ठेवलंय हो घर,’ आई म्हणाली होती.

आषाढ लागला आणि त्याच बेडरूममध्ये खिडकीच्या डाव्या अंगाला, छतापासून हातभर खाली, एक डाग उमटला. आधी ताटलीएवढा होता, मग परातीएवढा झाला. रंगाला फुगे आले, फुग्यांचे पोपडे झाले. घरी येणारा प्रत्येक जण वर बघून एकच निदान करायचा: ‘वरच्यांचं बाथरूम गळतंय.’ मी चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. ते म्हणाले, ‘आमच्याकडे ठणठणीत कोरडं आहे, आणि तुमच्या त्या खोलीवर आमचं बाथरूम येतच नाही.’ शब्दाला शब्द वाढला. पुढचे तीन आठवडे लिफ्टमध्ये आम्ही दोघंही मजल्यांचे आकडे वाचत उभे राहायचो.

शेवटी एका मित्राने एका स्ट्रक्चरल इंजिनिअर बाईंचा नंबर दिला. घरं तपासून अहवाल देणं हेच त्यांचं काम. बॅग खाली ठेवता ठेवता त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘घर केव्हा घेतलंत?’

‘पाडव्याला.’

‘तरीच,’ त्या म्हणाल्या.

पावसाळा ऑक्टोबरच्या सुरुवातीला आटोपतो. पाडव्यापर्यंत भिंतींना वाळायला पाच-सहा महिने मिळालेले असतात, म्हणजे घर वर्षातल्या सगळ्यात कोरड्या अवस्थेत असतं. नेमकं तेव्हाच आपण ते बघायला जातो, कारण मुहूर्त चांगला असतो. दसऱ्याचा मुहूर्त त्या मानाने बराच प्रामाणिक.

येऊन गेले सगळे, पण भिंत कुणी पाहिली?

मी निष्काळजीपणा केला असं मला वाटत नव्हतं. वकिलांनी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला होता. बँकेचा माणूस येऊन मोजमाप आणि फोटो घेऊन गेला होता. सोसायटीचं ना-हरकत पत्र होतं, महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र होतं. एवढंच काय, मेव्हण्याच्या आग्रहाखातर वास्तुशास्त्रवाले गृहस्थही होकायंत्र घेऊन तासभर फिरले होते. भिंतींकडे सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच पाहिलं, हे कबूल करायला हवं.

पण यातला प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर शोधत होता. हे घर विकायचा अधिकार विकणाऱ्याला आहे का, हे वकील बघतो. तुम्ही हप्ते थकवले तर घर विकून किती पैसे सुटतील, हे बँकेचा मूल्यांकनकार बघतो. त्याची फी तुमच्या खिशातून जाते, तरी तो काम बँकेचं करत असतो. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे असं महापालिकेने मान्य केल्याचा कागद म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. थकबाकी नाही एवढंच सोसायटी सांगते. पावसात ही भिंत कशी वागेल, हे विचारणारं त्यांत कुणीच नव्हतं, आणि विचारणं त्यांचं कामही नव्हतं.

कायदा विकणाऱ्यावर काही जबाबदारी टाकतो. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला माहीत नसलेला महत्त्वाचा दोष त्याने सांगितला पाहिजे. मात्र त्याच वाक्यात एक अट आहे. तो दोष घेणाऱ्याने सर्वसाधारण काळजी घेऊनही सापडण्यासारखा नसावा. म्हणजे ‘तुम्ही बघायला हवं होतं’ हे उत्तर कायद्यानेच तयार ठेवलेलं आहे. बाजारात मेथीची जुडी उलटी करून बघणारे आपण, इथे मात्र रंगावर विश्वास ठेवून मोकळे होतो.

पाणी जातं, मीठ राहतं

बाईंनी बॅगेतून मोबाइलएवढं एक यंत्र काढलं. त्याला पुढे दोन सुया होत्या. त्या भिंतीला टेकवल्या की पडद्यावर आकडा उमटतो. हा ओलावामापक. कोरडी भिंत विजेला फारशी वाट देत नाही, ओली देते. त्यामुळे दोन सुयांमधून किती वीज वाहते यावरून ओलीचा अंदाज येतो. त्यांनी भिंतीवर पेन्सिलने वीतभर अंतरावर खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपाशी आकडा लिहीत गेल्या. तासाभरात आमच्या बेडरूमच्या भिंतीचा पर्जन्यनकाशा तयार झाला.

‘दिसतो तो डाग कुठे आहे ते विसरा,’ त्या म्हणाल्या. पाणी जिथून शिरतं तिथेच दिसेल असं नसतं. गिलावा आणि विटांमध्ये, टाइलखालच्या कोब्यात, स्लॅबमधून गेलेल्या विजेच्या पाइपात त्याला वाटा सापडतात, आणि जिथे वाट संपते तिथे ते बाहेर येतं. झुंबराच्या हुकातून थेंब पडतो म्हणून हुकाच्या डोक्यावर नळ फुटलाय असं थोडंच असतं? वरच्या आणि खालच्या मजल्यांमधली निम्मी भांडणं या एका गैरसमजावर उभी असावीत.

मग थर्मल कॅमेरा. हे उपकरण भिंतीच्या आतलं दाखवतं असा अनेकांचा समज असतो. तसं काही नाही. ते फक्त पृष्ठभागाचं तापमान रंगांत दाखवतं. तरी त्यावरून ओल कशी कळते, हे ज्याच्या घरी माठ आहे त्याला वेगळं सांगायला नको. माठातून पाझरलेलं पाणी बाहेर येऊन वाफ होतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून माठ गार. ओली भिंत हा उभा केलेला माठच. कॅमेऱ्यात ती निळी-जांभळी दिसते. आता माठ पावसाळ्यात फारसा गार होत नाही, कारण हवाच दमट असते. म्हणून श्रावणात एकट्या कॅमेऱ्यावर विसंबलं तर फसगत होते. कॅमेरा जागा सुचवतो, खात्री सुईने करायची.

मला मात्र एक प्रश्न छळत होता. पाडव्याला भिंत खरंच कोरडी होती, मग तेव्हा तपासणी करूनही काय हाती लागलं असतं?

बाईंनी माझा फोन मागितला. घर बघायला गेलो तेव्हा काढलेले फोटो त्यात होते. बेडरूमचा एक फोटो त्यांनी दोन बोटांनी मोठा केला. फरशीलगतच्या टाइलपट्टीच्या वर पांढुरक्या पिठासारखी एक बारीक रेघ होती. मला तो रंगाऱ्याचा निष्काळजीपणा वाटला असता. ‘लोणा,’ त्या म्हणाल्या.

लोणा लागणे हा शब्द आजीच्या तोंडून ऐकला होता, त्यामागचं गणित त्या दिवशी कळलं. विटा, वाळू, सिमेंट यांत विरघळणारे क्षार असतात. भिंतीत शिरलेलं पाणी ते विरघळवतं आणि पृष्ठभागाशी येऊन वाफ होतं. क्षारांची वाफ होत नाही. ते तिथेच उरतात आणि त्यांचे स्फटिक रंगाला आतून ढकलतात. वसईच्या वाटेवर मिठागरं दिसतात ना, तीच क्रिया इथे उभ्या भिंतीवर होते. म्हणून पाणी सुकलं तरी त्याची सही मागे राहते. चांगला तपासनीस उन्हाळ्यात ओल शोधत बसत नाही, ओलीचा इतिहास वाचतो. पडद्याच्या ब्रॅकेटचे गंजलेले स्क्रू, कपाटाच्या पाठीचं फुगलेलं प्लायवूड, दाराच्या चौकटीचा तळाशी काळवंडलेला भाग, आणि सगळ्या घराचा रंग जुना असताना एकाच भिंतीला लागलेला नवा हात. आमच्याकडे रंग सगळीकडेच नवा होता, पण स्क्रू जुने होते. फोटोत ते तांबडे दिसत होते.

याच क्षारांचा एक उपद्रव तपासनिसालाही होतो. लोणा लागलेल्या भिंतीत मीठ जास्त असल्यामुळे वीज सहज वाहते, आणि कोरडी असतानाही यंत्र मोठा आकडा दाखवू शकतं. यंत्र विकत घेऊन कुणीही तपासनीस होत नाही, ते यामुळेच.

कोकणात किंवा गोव्यात जांभ्या चिऱ्याचं जुनं घर घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे पाणी बहुतेक वेळा खालून चढतं. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं जमिनीतलं पाणी सच्छिद्र दगडात चढतं. जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ते बाहेर पडायचं. हौसेने त्यावर सिमेंटचा गिलावा केला की बाहेर पडायची वाट बंद होते आणि ओल आणखी वर सरकते. अशा घरात तपासनीस भिंतीइतकाच वेळ वाशांवर आणि चौकटींवर घालवतो. वाळवीच्या मातीच्या बारीक नळ्या शोधायच्या आणि लाकूड ठोकून आवाज ऐकायचा.

फ्लॅट आपला, कॉलम सगळ्यांचे

एक गोष्ट सांगायची राहिली. बाई लिफ्टने थेट वर आल्या नव्हत्या. आधी पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं फिरल्या होत्या आणि मग गच्चीवर जाऊन आल्या होत्या. मला वाटलं होतं, पत्ता सापडत नसेल. इमारतीचे कॉलम आणि बीम उघडे बघायला मिळतात ते पार्किंगमध्येच. घरात त्यांच्यावर गिलावा, पुट्टी आणि कपाटं असतात.

त्या बघत होत्या ते सळईचा गंज. लोखंड उघड्यावर ठेवलं तर एका पावसात गंजतं, मग काँक्रीटमधली सळई वर्षानुवर्षं कशी टिकते? सिमेंट आणि पाणी एकत्र आलं की चुना तयार होतो आणि काँक्रीट खूप अल्कधर्मी बनतं. त्याचा सामू 12 ते 13च्या आसपास असतो. एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर धरतो आणि गंज सुरूच होत नाही. काँक्रीट सळईला बाहेरच्या हवेपासून झाकतं हे खरं, पण तिची खरी राखण ही रसायनक्रिया करते.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातल्याचं आठवत असेल. निवळी दुधाळ व्हायची. फुंकरेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याशी मिळून खडू बनायचा. काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि हीच क्रिया तिथे सावकाश, वर्षानुवर्षं चालते. चुना संपत जातो, सामू 9च्या खाली येतो. हा बदल पृष्ठभागापासून आत सरकत सळईपर्यंत पोचला की राखण संपली. कॉलममध्ये सळईवर किमान 40 मिलिमीटर काँक्रीट असावं, असं भारतीय मानक सांगतं. ठेकेदाराने तिथे 15 मिलिमीटरच ठेवलं असेल, तर गंजाची पाळी कित्येक वर्षं आधी येते. मुंबईत समुद्रावरच्या वाऱ्यातलं मीठ हेच काम दुसऱ्या वाटेने करतं आणि आणखी घाईने.

गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. गच्च बंद केलेल्या बरणीत हरभरे भिजत घातले तर काय होईल? सळईच्या रेषेतच काँक्रीटला चीर पडते, चिरेतून पाणी जातं, गंज वाढतो आणि एक दिवस बीमच्या खालचा पापुद्रा गळून पडतो. म्हणून तपासनिसाला चिरेच्या लांबीपेक्षा तिची दिशा जास्त सांगते. गिलाव्यावरच्या कोळिष्टकासारख्या बारीक चिरा बहुधा गिलावा घाईने वाळल्याच्या. बीम आणि वीटकाम जिथे मिळतात तिथली आडवी सरळ रेघ दोन वेगळे पदार्थ वेगवेगळे आक्रसल्याची. ती कुरूप दिसते, घातक नसते. कॉलममध्ये सळईच्या रेषेत गेलेली उभी चीर आणि तिच्या कडेला तांबूस डाग दिसला, तर मात्र दरावर घासाघीस थांबवून आधी अहवाल मागवावा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, पायऱ्या-पायऱ्यांनी गेलेली चीर असेल तर पाया खचतोय का ही शंका येते. अशा चिरेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवण्याची जुनी युक्ती आहे. काही आठवड्यांत काच तडकली तर चीर अजून हलते आहे.

संशय पक्का करायला चाचण्या असतात. काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फथॅलिन शिंपडतात. हाही शाळेतला जुना मित्र. जिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तिथे ते गुलाबी होतं, जिथे राखण संपली तिथे रंगहीन राहतं. रिबाउंड हॅमर म्हणजे स्प्रिंगचा हातोडा. शहाबादी फरशीवर चेंडू उसळतो आणि शेणाने सारवलेल्या अंगणात मऊ पडतो, तसं हातोडा किती उसळला त्यावरून पृष्ठभागाचा कडकपणा समजतो. पण खडू झालेलं काँक्रीट वरून उलट जास्त कडक लागतं, त्यामुळे एकट्या हातोड्याचा आकडा दिशाभूल करू शकतो. म्हणून जोडीला अल्ट्रासॉनिक चाचणी करतात. एका बाजूने ध्वनिलहर सोडायची आणि दुसऱ्या बाजूला ती किती वेळात पोचते ते मोजायचं. आत पोकळी किंवा चीर असेल तर लहर वळसा घालून येते आणि उशीर होतो, रस्ता खणलेला असला की रिक्षाला होतो तसाच.

फ्लॅट घेणाऱ्याने स्वतः या चाचण्या करून घ्यायच्या नसतात. सामाईक कॉलमला हात लावायचा हक्कही त्याला नसतो. त्याने सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागायचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार इमारत 15 ते 30 वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी असं ऑडिट व्हायला हवं. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीला स्थैर्याचा दाखला घेणं महापालिका कायद्याच्या कलम 353-बनुसार बंधनकारक आहे. तिथल्या अहवालात इमारतीचा वर्ग लिहिलेला असतो. सी-1 म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. सी-2-ए म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-2-बी म्हणजे राहत्या इमारतीत करता येण्याजोगी मोठी दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ. सोसायटीच्या ऑफिसात हा अहवाल ‘सापडत नाही’ असं ऐकू आलं, तर तेही एक उत्तरच आहे.

टिचकी, बादली आणि सहलीची मोजदाद

बाकीची तपासणी ऐकायला साधी वाटते. टाइलवर नाण्याने किंवा काठीने टकटक करत जायचं. कलिंगड घेताना आपण टिचकी मारतो तेच कौशल्य. आवाज भरीव आला तर खाली सिमेंट नीट भरलेलं आहे, पोकळ आला तर टाइल काही ठिपक्यांवर तरंगते आहे आणि उद्या जड भांडं पडलं की तडकेल. बाथरूममध्ये बादली ओतायची आणि पाणी नहाणी ट्रॅपकडे जातं की दाराकडे येतं ते बघायचं. गळतीची शंका असेल तर ट्रॅप बुजवून बाथरूममध्ये दोन बोटं पाणी दिवसभर, शक्य असल्यास दोन दिवस साठवून ठेवायचं. त्यात खाण्याचा रंग टाकला की खालच्या मजल्यावर उमटलेला डाग कुणाचा, यावर वाद उरत नाही.

विजेच्या फळीत तपासनीस प्रथम आरसीसीबी आहे का ते बघतो. एमसीबी तारा जळण्यापासून वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. सहलीला नेलेल्या मुलांची मोजदाद असते तसं त्याचं काम. जाताना चाळीस, येताना चाळीस हवीत. फेज तारेतून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत आली पाहिजे. 30 मिलिअँपिअरइतकी जरी कमी आली, तरी ती कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकते असं धरून तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्याच्यावरचं चाचणीचं बटण दाबून तो खरंच पडतो का ते बघायचं. जुन्या फ्लॅटमध्ये हे उपकरण बऱ्याचदा नसतंच, किंवा सारखं पडतं म्हणून इलेक्ट्रिशियनने वगळलेलं असतं. दुसरं जास्त भयंकर.

मोजमापाचं थोडक्यात. रेरा कायद्यातलं चटई क्षेत्र म्हणजे घरातली वापरता येणारी जागा, आतल्या भिंतींसकट. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची त्यात धरत नाहीत. महाराष्ट्रातल्या करारनाम्याच्या नमुन्यात तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो. लेझरच्या मीटरने हे अर्ध्या तासात मोजून होतं.

तपासनीस निवडायचा कसा?

अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याला मी हे सगळं सांगितलं, तर त्याला आश्चर्य माझ्या डागाचं वाटलं नाही. मी तपासणीशिवाय घर घेतलं याचं वाटलं. तिकडे घराचा सौदा ठरला की ठरावीक दिवसांत तपासणी करून घ्यायची आणि अहवाल वाईट निघाला तर माघार घ्यायची, अशी अट करारातच घालता येते. ही प्रथा रुजायला एक खटला बराच कारणीभूत ठरला. कॅलिफोर्नियात भराव घातलेल्या जमिनीवरचं एक घर 1976 साली विकलं गेलं आणि नंतर जमीन घसरून त्याची दैना झाली. 1984 साली अपील न्यायालयाने म्हटलं की, घराची डोळसपणे पाहणी करून दोष सांगणं हे विक्री करून देणाऱ्या एजंटचंही कर्तव्य आहे. ती जबाबदारी एकट्याच्या डोक्यावर नको म्हणून एजंट मंडळी तपासनिसांकडे वळली.

आपल्याकडे ‘घर तपासनीस’ असा वेगळा सरकारी परवाना नाही. कार्ड छापलं की झाला तपासनीस. म्हणून पदवी आणि नोंदणी विचारावी. सिव्हिल इंजिनिअर असावा, आणि सांगाड्याबद्दल मत देणार असेल तर महापालिकेकडे नोंदलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर असावा. आधी केलेल्या एखाद्या तपासणीचा अहवाल, नावं झाकून, वाचायला मागावा. चांगल्या अहवालात प्रत्येक दोषाचा फोटो, जागा, संभाव्य कारण आणि निकड असते, आणि काय तपासता आलं नाही हेही लिहिलेलं असतं. ‘एकंदर स्थिती समाधानकारक’ हे वाक्य लिहायला भिंतीजवळ जावं लागत नाही.

पदवीइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे त्याचं पोट कशावर चालतं. एजंटने सुचवलेला तपासनीस पुढचं काम एजंटकडूनच मिळवणार असतो, त्यामुळे सौदा मोडेल असं लिहिताना त्याचा हात जड होतो. वॉटरप्रूफिंग करणाऱ्या कंपनीची ‘फुकट तपासणी’ उलट दिशेने वाकते. तिला प्रत्येक डागात पूर्ण गच्चीचं काम दिसतं. कॅलिफोर्नियात तपासनिसाला परवाना लागत नाही, पण ज्या घराचा अहवाल दिला त्याच घराची दुरुस्ती बारा महिने पैसे घेऊन करायची नाही, असा नियम मात्र आहे. मला हा नियम परवान्यापेक्षा शहाणपणाचा वाटतो. आमच्या बाईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, ‘दुरुस्ती मी करत नाही आणि माणूसही सुचवत नाही.’ तेव्हा मला ती गैरसोय वाटली होती.

अहवाल हातात आल्यावर त्याचं करायचं काय, हे घर नवं की जुनं यावर ठरतं. बिल्डरकडून नवं घर घेतलं असेल तर रेराच्या कलम 14नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत सांगाड्यातला किंवा कामातला दोष लक्षात आणून दिला, की बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तेव्हा ताबा घेतानाच फोटोंसह लेखी यादी द्यावी. जुन्या घरात अहवाल सौद्याच्या आधी हवा. त्यातली दुरुस्ती किमतीतून वजा करून मागता येते, किंवा टोकनच्या कागदावर ‘तपासणी समाधानकारक झाल्यास’ एवढी ओळ आधीच लिहून घेता येते. आमच्या टोकनच्या कागदावर रक्कम आणि तारीख होती, आणि वर कुंकवाचं बोट.

चौकट: बघायला जाताना

शक्य असेल तर घर एकदा पावसाळ्यात किंवा नवरात्राच्या सुमारास बघा. जाताना टॉर्च, एक नाणं आणि फोनचा चार्जर न्या. टॉर्च भिंतीला समांतर धरा, फुगवटे आणि पुट्टीची ठिगळं सावलीने उघडी पडतात. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघा. कपाटाचं दार उघडून पाठीचा वास घ्या. सगळे नळ एकदम सोडून फ्लश करा. नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या भिंतींना जास्त वेळ द्या, पाऊस तिकडून येतो. पार्किंग आणि गच्ची बघितल्याशिवाय निघू नका. आणि तळमजल्यावरच्या वॉचमनला विचारा, टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो.

पाइपचं भोक

आमच्या भिंतीच्या नकाशात सगळ्यात मोठे आकडे डागाच्या मध्यावर नव्हतेच. ते डागाच्या वर, पडद्याआड, पुट्टीने भरलेल्या एका गोलाभोवती होते. आधीच्या मालकांचा एसी तिथे होता आणि त्याची तांब्याची नळी त्या भोकातून बाहेर जायची.

खात्री करायला बाईंना बाहेरून भिंतीवर पाणी मारायचं होतं, खालून वर एकेक टप्पा घेत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्यावरूनच ओघळतं आणि कुठून शिरलं ते समजत नाही. पाइप सोडायला सोयीची खिडकी एकच होती, चौथ्या मजल्यावरची. मला वर जावं लागलं. काकांनी ऐकून घेतलं, आत जाऊन गॅलरीतल्या कुंड्यांचा पाइप आणला आणि स्वतः खिडकीशी उभे राहिले. खिडकीच्या उंबऱ्याखाली दहा मिनिटं पाणी, आकडा जागचा हलला नाही. खिडकीच्या बाजूला दहा मिनिटं, तरी नाही. मग भोकाच्या पातळीवर. आठव्या मिनिटाला यंत्रावरचा आकडा चढू लागला.

भोक पाडणाऱ्या मेकॅनिकने ड्रिल आतल्या बाजूला उताराने चालवलं होतं. उतार बाहेर हवा, बोटभर पुरतो. नंतर आतून पुट्टी भरली, रंग दिला, पण बाहेरचं तोंड उघडंच राहिलं. पश्चिमेचा पाऊस गेली काही वर्षं त्या पन्हळीतून आमच्या भिंतीत येत होता. बाहेरून उतार फिरवून भोक बुजवायला गवंड्याला दोन तास लागले. भिंत वाळून रंग द्यायला मात्र दिवाळी उजाडेल, असं बाईंनी अहवालात लिहिलं होतं.

त्या आठवड्यात नारळीपौर्णिमा होती. बायकोने नारळीभाताचा डबा भरला आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, ‘हा वर तुम्ही न्यायचा.’ लिफ्टमध्ये काका होतेच. मी चारचं बटण दाबलं.